गेरूच्या खुणा

सावरीच्या झाडाच्या वळणावर जीप थांबली की ममता आधी समोरच्या टेकाडाकडं बघायची. तिथून घर दिसतं. आधी कौलं, मग दार, आणि हॉर्न ऐकून घाईघाईनं दारात येऊन उभी राहिलेली आई. आश्रमशाळेतून सुट्टीला यायची तेव्हापासूनची सवय. त्या दिवशीही तिनं पाठीवरची सॅक सावरत, शीटांची लांब नळी काखेत मारत टेकाडाकडं बघितलं, आणि घर नव्हतं.

नव्हतं म्हणजे नव्हतंच. जळालं म्हणावं तर राख नाही, पडलं म्हणावं तर ढिगारा नाही. टेकाड जागच्या जागी, मोहाचं झाड जागच्या जागी, झाडाला बांधलेली गायही निवांत रवंथ करत उभी. मधली जागा तेवढी मोकळी, झाडून-सारवून ठेवल्यासारखी.

"तुन्हं घर कोठे शे वं?" मागून उतरलेल्या कामिनीनं विचारलं. कामिनी कळसाडीची, ममताच्या वर्गातली. नाशिकला जाऊन तिसरं वर्ष लागलं तरी तिची अहिराणी काही सुटली नव्हती, आणि सुटावी असं तिला वाटतही नव्हतं.

ममताच्या काखेतली नळी घसरून खाली पडली, तिला त्याचं भानही नव्हतं.

आता घर दिसलं नाही म्हणून पोरीनं एवढं का हबकावं, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, माणसं धडधाकट दिसतायत, गाय दिसतेय, मग रडायचं कशाला.

ममता नाशिकच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकत होती. पाच वर्षांचं शिक्षण. तिथं झोप सोडून सगळं मिळतं असं ती पोरं म्हणतात. शीट काढायचं, सरांना दाखवायचं, सरांनी त्यावर लाल रेघ ओढायची, की पुन्हा कोरा कागद. कटरनं पुठ्ठा कापायचा आणि पुठ्ठ्यासोबत बोटही. पण ममताला हे सगळं मनापासून आवडायचं. कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढताना तिला जे सुख व्हायचं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर लोक हसतील.

हसण्याचा अनुभव तिनं घेतला होता. पहिल्याच वर्षी वर्गात सांगितलं, आपापलं घर काढा. कुणी हॉल-किचन काढलं, कुणी बंगला काढला. ममतानं काढलं ते असं: एकच लांबरुंद खोली, एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला गाय-बैल, मधोमध धान्याची कणगी. एक सर म्हणाले, "गोठा वेगळ्या शीटवर दाखव." ममता म्हणाली, "सर, गोठा नाहीये, घरच आहे." सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्यांच्या पोटात पाप नव्हतं, पण म्हणून काय झालं? पोरीच्या जिव्हारी लागायचं ते लागलंच. तिनं त्याच दिवशी ठरवलं, एक दिवस हेच घर याच वर्गाच्या भिंतीवर असं लावीन की कुणाला हसता येणार नाही.

तिसऱ्या वर्षी तशी संधी आली. एखादी खरी इमारत कानाकोपऱ्यासकट मोजायची आणि जशीच्या तशी कागदावर उतरवायची, असा एक विषय असतो. कुणी देऊळ घेतलं, कुणी जुनी बँक घेतली. कामिनीनं पुरुषोत्तमनगरातलं कारखान्याच्या वसाहतीतलं एक क्वार्टर घेतलं, कारण तिथून दुपारच्या जेवणाला घरी जाता येतं. ममतानं आपलं घर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, टेप लावून खांब मोजले, वासे मोजले, बांबूच्या कुडाची वीण मोजली. कुठलं माप कुठल्या खांबाचं ते विसरू नये म्हणून कॉलेजच्या शिस्तीप्रमाणं एकेका खांबावर गेरूनं नंबर टाकला. अ-एक, अ-दोन, ब-एक. मग नाशिकला जाऊन असं सुरेख शीट काढलं की ते वर्गाबाहेरच्या भिंतीवर लागलं. तेच ते सर बराच वेळ त्यापुढं उभे होते. हसले नाहीत. ममतानं त्या दिवशी मेसमध्ये दोनदा भात घेतला.

आता एकच गोष्ट उरली होती. शीट आणि घर जुळतंय का, ते बघायला प्रतिभा मॅडम जागेवर येणार होत्या. पोरं त्यांना मागं टेपमॅडम म्हणत. पर्समध्ये एकवेळ पाकीट नसेल, पण टेप असायचाच. "कागदावर आहे ते जागेवर पाहिजे. नसेल तर कागद रद्दी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या नुसतं बोलत नसत, करत. गेल्या वर्षी एकाचं देऊळ त्यांनी असंच रद्दीत काढलं होतं आणि त्या पोराचं वर्ष गेलं होतं. कामिनीचं क्वार्टर आदल्या दिवशीच तपासून झालं होतं, पास झालं होतं. आता दोन दिवसांनी मॅडम वर डोंगरात येणार होत्या, ममताचं घर मोजायला.

आणि घरच नव्हतं.

"मन्हं क्वार्टर एक बरं शे," कामिनी म्हणाली. "उठीसन कोठे जात नही."

मैत्रिणी अशाच असतात. जखमेवर मीठ चोळतात आणि मग सॅकही उचलून चालतात. दोघी टेकाड चढल्या.

रेवजी, म्हणजे ममताचा बाप, अंगणातच होता. चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. मोहाखाली सगळं घर नीट रचून ठेवलं होतं: खांब एका बाजूला, वासे एका बाजूला, कुडाचे अख्खे पडदे झाडाला टेकवलेले, कौलांची उतरंड. उन्हात तीन दगडांच्या चुलीवर गुलाबबाई, ममताची आई, भाकरी थापत होती. त्यांचं आपसातलं बोलणं भिलीतलं, इथं आपण मराठीत ऐकू; आईला 'याहा' म्हणतात, तेवढी हाक तशीच ठेवू.

"आलीस? बघितलंस?" रेवजी म्हणाला. "एक कौल फुटू दिलं नाही."

"बा, घर का मोडलं?"

रेवजीला वाटलं पोरगी थट्टा करतेय. "का म्हणजे? तूच तर खुणा करून गेलीस."

मग ममताच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो विजेसारखा. त्यांच्या डोंगरात घर हे काही जन्माचं एका जागी खिळलेलं नसतं. पाण्यासाठी, भावकीसाठी, कधी नुसतं मन उठलं म्हणून माणसं घर सोडवतात आणि दुसरीकडं उभं करतात. खांब तेच, वासे तेच. मात्र सोडवायच्या आधी घरातल्या जाणत्यानं प्रत्येक खांबावर गेरूची खूण करायची, म्हणजे उभारताना उगवतीचा खांब मावळतीला जात नाही. पोरीनं दिवाळीत खांब न् खांब गेरूनं रंगवला. जाताना सांगून गेली की कॉलेजच्या मोठ्या मॅडम घर बघायला येणार. याचा अर्थ रेवजीनं काय लावायचा? कुठलाही शहाणा माणूस लावेल तोच त्यानं लावला. पोरगी घरबांधणी शिकतेय, पाहुणी यायच्या आत घर नीट उभं करायचंय. होळी झाली, शेतं मोकळी झाली, तसं त्यानं भाऊबंद बोलावून घर उतरवलं. उभं कुठं आणि कसं करायचं ते पोरगी येऊन सांगेल म्हणून थांबला. उद्याची लाह सांगून ठेवली होती. लाह म्हणजे सगळ्या पाड्यानं एकाच्या कामाला हात द्यायचा आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मजुरीचा विषय काढायचा नाही.

"सगळे विचारतायत, रेवजी, पोरगी काय करणार? मी म्हटलं, ते तिला ठाऊक." रेवजी एवढं म्हणाला आणि पोरीकडं बघत राहिला. त्या नजरेत इतका अभिमान होता की ममताला खरं सांगवेना.

"होतं तिथंच उभं करू," ती म्हणाली. "होतं तसंच. जुन्याच खड्ड्यांत."

रेवजीचा चेहरा जरा उतरला. "मग हलवलं कशाला?"

आता काय सांगणार? पण लपवून ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. बापाशेजारी खांबावर बसून तिनं सगळं सांगितलं. खुणा मापांसाठी होत्या. मॅडम घर मोजणार, ते शीटाशी जुळलं नाही तर विषय जाणार, विषय गेला तर वर्ष जाणार. रेवजी ऐकत राहिला. बोटानं एका खांबावरचा अ-दोन चाचपत राहिला.

"म्हणजे उगाच मोडलं," तो म्हणाला.

"उगाच कसं?" गुलाबबाई चुलीवरून म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मानही वर न करता पुढं म्हणाली, "मला तर बरं झालं. घर मोडल्यापासून इथं बसते. भाकरी करता करता वळण दिसतं. आज जीप आली ती मी बसल्या जागी बघितली. दोघी उतरल्या तेही बघितलं. एरवी हॉर्न वाजला की हात पिठाचे, तवा चुलीवर, उठून दारापर्यंत पळायचं. कितीदा पळाले आणि जीपमधून दुसरंच कुणी उतरलं."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. मीठ कमी पडलंय म्हणावं तसं बोलली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ममता मात्र तिच्या पिठाच्या हातांकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिला आई दारात उभी दिसली होती, दारापर्यंत पळताना कधी दिसली नव्हती.

जेवणं झाली. कामिनीनं चार भाकरी खाऊन, असं पीठ कळसाडीत मिळत नाही असं जाहीर केलं. मग उद्याच्या उभारणीसाठी ममतानं नळीतून शीट काढून सावलीत पसरलं. गुलाबबाईही पदराला हात पुसत येऊन वाकली. घर तिनं बरोबर ओळखलं. हे आढं, ही कणगी, ही गाईची जागा. मग एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

"हा कोण?"

ममतानं बघितलं. घर मधून कापून आतलं दाखवणारं चित्र होतं ते. अशा चित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून एखादा माणूस काढतात. कॉलेजात सगळ्यांचा एकच ठरलेला माणूस असतो. सरळ उभा, पँट घातलेला, दोन्ही हात खिशात. तिनंही त्यालाच उभं केलं होतं, नेमका चुलीपाशी.

"कुणी नाही गं याहा. तो असाच असतो."

"असाच असतो म्हणजे? माझ्या चुलीपाशी काय करतोय हा?" गुलाबबाईनं वाकून आणखी नीट बघितलं. "आणि खिशात हात घालून? लाकूड तरी सार म्हणावं."

कामिनी अशी हसायला लागली की तिला झाडाला धरावं लागलं. रेवजी हसला. गुलाबबाई स्वतःच्याच बोलण्यावर हसली. ममताही हसली, पण हसता हसता थांबली. चित्रातल्या चुलीकडं ती बघत राहिली. चूल मागच्या कोपऱ्यात, तिन्ही बाजूंनी कूड, उजेड येईल तर लांबच्या दारातून. हे सगळं तिनंच मोजलं होतं. कुडाची वीण मोजली होती. त्या कोपऱ्यात रोज बसतं कोण आणि बसल्यावर तिला काय दिसतं, हे मोजायचं राहून गेलं होतं. भिंतीवर लागलेलं ते सुरेख शीट, दोनदा घेतलेला भात, आणि त्यात आई कुठंच नव्हती.

"काय व्हयनं?" कामिनीनं विचारलं.

"काही नाही," ममता म्हणाली आणि शीट गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत पाडा जमला. जालमसिंग, रेवजीचा थोरला भाऊ, पहार घेऊन सगळ्यांत पुढं. दिवलीबाई म्हातारी बायकांचा ताफा घेऊन माती मळायला बसली. जुने खड्डे साफ करून ठेवले होते. पहिला खांब चौघांनी उचलला, जालमसिंगानं मोहाच्या दारूची धार जमिनीला दिली, थोरांची नावं घेतली. आता फक्त ममतानं मान हलवायची होती.

तिच्या हातात शीट होतं. घर जुन्या खड्ड्यांत उभं राहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते शीटाशी तंतोतंत जुळलं असतं, दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोजलं असतं, आणि गंगेत घोडं न्हालं असतं. कामिनी तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होती. एवढी मान हलव, बाई, आणि सुटलीस.

"थांबा," ममता म्हणाली. "खड्डे बुजवा."

चौघं खांब घेऊन तसेच उभे.

"दार उगवतीलाच राहील," ती म्हणाली. "पण बाकी सगळं उलटं करायचं, खांबसुद्धा नव्या जागी. गाय-बैल तिकडच्या अंगाला जातील आणि चूल इकडं, वळणाच्या बाजूला येईल."

"काल एक, आज एक," जालमसिंग म्हणाला. "एवढी वर्षं गाय इकडं बांधतोय. गाईनं तुझं काय घोडं मारलंय?"

"गाईनं नाही, मोठे बा. मीच विसरले होते."

जालमसिंगानं भावाकडं बघितलं. रेवजीनं पोरीकडं बघितलं. त्याला कारण कळलं होतं की नाही कोण जाणे, पण वर्ष जाईल हे कळलेलं होतं, आणि पोरीला ते माहीत असूनही ती बोलतेय हेही कळलं होतं. "पोरीनं सांगितलंय तसं करा," तो म्हणाला आणि स्वतः फावडं घेऊन पहिला खड्डा बुजवायला लागला.

कामिनी जवळ आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "येडी व्हयनी का तू? मॅडम सकायच येतीन. शीटनं काय?"

"शीट रद्दी," ममता म्हणाली. "टेप धर जरा."

मग तिनं आईला हाक मारली. जिथं नवी चूल येणार होती तिथं तिला मोकळ्या जमिनीवर बसवलं. सगळा पाडा बघतोय, आणि गुलाबबाई लाजून चूर झालेली, पदर तोंडाला. ममता तिच्यापुढं उकिडवी बसली. "भाकरी थापतेस तशी बस, याहा. मान नेहमीसारखी ठेव. आता वळण दिसतं?"

"झुडपं दिसतात."

"जरा इकडं सरक. आता?"

"आता सावर दिसते. सावरीचं खोडही दिसतं."

कामिनीनं टेप जमिनीला टेकवला, ममतानं आईच्या डोळ्यांपर्यंत ओढला. ती उंची तिनं कुडाच्या पडद्यावर गेरूनं आखली आणि भोवती चौकोन काढला. जालमसिंगानं तो चौकोन बघितला, वाकून पुन्हा बघितला. "एवढी खाली खिडकी? कोंबड्या येतील आत."

"येऊ देत," गुलाबबाई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच चारचौघांत ठाम बोलली होती. जालमसिंगानं मुकाट्यानं कोयता घेतला आणि बांबू कापायला लागला.

मग जे काम चाललं ते बघण्यासारखं होतं. खांब उभे राहिले, आढं चढलं, वासे बसले. वरून माणसं कौलं मागतायत, खालून पोरी झेलून देतायत. दिवलीबाई कुणाच्या लिंपणाला नावं ठेवतेय, तर कुणी तिच्याच म्हातारपणावर गाणं रचून म्हणतेय. एकीकडं मोठ्या पातेल्यात उडदाची डाळ शिजतेय. कामिनी कोपरापर्यंत शेणामातीत. तिच्या कळसाडीच्या सिमेंटच्या घरात भिंतीला हात लावायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळं ती नव्या नवरीसारखी हौसेनं भिंत सारवत होती. ममता सगळीकडं धावत होती, आणि वर्षाचं काय होणार हा विचार तिच्या मागं धावत होता. तो मधून मधून गाठायचा, की मग कुणीतरी हाक मारायचं आणि तो मागं पडायचा.

अशा ऐन रंगात हॉर्न वाजला. गुलाबबाई नवीन चुलीची माती थापत बसली होती, तिनं खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "एक बाई उतरली. चष्मा आहे. हातात पर्स."

ममताच्या हातातलं कौल निसटता निसटता राहिलं. प्रतिभा मॅडम एक दिवस आधीच आल्या होत्या.

मॅडम टेकाड चढून आल्या, घाम पुसला, जीपवाल्या पवननं दिलेल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि अर्ध्या छपराच्या घराकडं, छपरावरच्या माणसांकडं, चिखलानं माखलेल्या आपल्या दोन विद्यार्थिनींकडं बघितलं. "हे घर?" त्यांनी विचारलं. ममतानं मान हलवली. मॅडमनी पर्समधून शीटाची घडी घातलेली प्रत काढली, मग टेप काढला, आणि सरळ मोजायला लागल्या. मोजायला कशाला पाहिजे होतं? आंधळ्यालाही कळलं असतं. चूल शीटात मागच्या कोपऱ्यात, इथं बाजूला. गाय तिकडं. शीटात खिडकीच नाही.

"शीटातलं काहीच जागेवर नाहीये, ममता."

"हो मॅडम. शीट रद्दी आहे."

मॅडमना बहुधा रडगाण्याची सवय होती. हे ऐकून त्यांनी चष्मा वर केला. "आणि ही खिडकी? एवढी खाली खिडकी कुणी ठेवतं का?"

"उभ्यानं बघू नका मॅडम. बसून बघा."

टेपमॅडमना आजवर कुणी बसा म्हटलं नव्हतं. पण गुलाबबाई सरकली, तिनं हातानं जमीन पुसली आणि मॅडमना जागा करून दिली. मॅडम कॉटनची साडी सावरत ओल्या चुलीपुढं मांडी घालून बसल्या. समोर खिडकी. खिडकीत टेकाडाचा उतार, पायवाट, सावरीचं झाड आणि त्याखाली पवन जीपला टेकून उभा. ममतानं मग सांगितलं. हॉर्न, दार, पिठाचे हात, आणि खिशात हात घातलेला तो माणूस. गुलाबबाईला मराठी फार येत नव्हतं, पण खिशाचं आलं तेव्हा तिनं मॅडमना हाताच्या खुणेनं खिसे करून दाखवले.

मॅडम बराच वेळ खिडकीतून बघत बसल्या. त्यांच्याही घरी कुणी वाट बघणारं असेल, किंवा होतं असेल. ते आपल्याला माहीत नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही.

तेवढ्यात दिवलीबाई आली. तिला मॅडम कोण, शीट काय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. लाहेला आलेल्या माणसानं हात रिकामे ठेवायचे नसतात, एवढंच तिला ठाऊक. तिनं शेणामातीचं घमेलं मॅडमच्या पुढ्यात ठेवलं आणि खिडकीच्या कडांकडं बोट दाखवलं. ममता घाईनं पुढं झाली, पण मॅडमनी टेप पर्समध्ये टाकला, बांगड्या मागं सारल्या आणि घमेल्यात हात घातला. नाशिकला ही गोष्ट कामिनीनं नंतर कितीदा सांगितली, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

छप्पर पुरं झालं, डाळ-भाताची पंगत बसली. मॅडमनी दोनदा डाळ मागून घेतली. हात धुवून त्या ममताकडं वळल्या.

"जुनं शीट नापास," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. पण गुण जमा करायला अजून वेळ आहे. हे घर मोज. सगळं, पुन्हा पहिल्यापासून. टेपचं एक टोक मी धरते, म्हणजे मला परत तपासायला यावं लागणार नाही."

"आत्ता, मॅडम?"

"मग काय, तुझा बाप पुन्हा मोडेपर्यंत थांबू?"

ममतानं हे रेवजीला भिलीत सांगितलं तेव्हा तो इतका हसला, इतका हसला की जालमसिंगला त्याच्या पाठीवर थापटावं लागलं. ममताला रडू आलं ते तेव्हा. आनंदाचं होतं, पण आलं. कामिनीनं शेणानं भरलेल्या हातानंच तिला जवळ घेतलं.

मॅडमनी परतीची जीप सोडली आणि मुक्कामाला राहिल्या. दिवस मावळेपर्यंत त्या टेपचं टोक धरून घरभर हिंडल्या. खांबांवरच्या गेरूच्या खुणा तशाच होत्या, फक्त जागा बदललेल्या. शेवटी चुलीशी आल्यावर ममतानं कागदावर आधी चूल काढली, मग चुलीपुढं माणूस. बसलेला. पदर खोचलेला, हातात भाकरी. उंची लिहायची वेळ आली तेव्हा तिनं आईला पुन्हा मोजलं, आणि गुलाबबाई या वेळी लाजली नाही. हक्कानं ताठ बसली.

सकाळी तिघी उतरून वळणावर आल्या. जीप निघाली तशी ममतानं सवयीनं मागं वळून बघितलं. घर होतं. कौलं होती, दार होतं. दारात कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि एवढं सगळं माहीत असूनही पोरगी क्षणभर सीटवरून अर्धी उठली. मग तिची नजर खाली आली. जमिनीलगतच्या त्या खिडकीतून कोपरापर्यंत पिठानं पांढरा झालेला एक हात बाहेर आला होता आणि अजिबात घाई न करता हलत होता.

मॅडमनीही मान वळवून बघितलं. "उंची बरोबर आलीय," त्या म्हणाल्या.